दारूचे माप गोळी ठरवते

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला 'ऑर्डनन्स' हा शब्द नवा नाही. अंबरनाथची आयुध निर्माणी ही इथल्या कित्येक घरांची भाकरी. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती 'यंत्र इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीचा भाग झाली, पण लोकांच्या बोलण्यात ती अजून ऑर्डनन्स फॅक्टरीच आहे. तिचे मुख्य काम धातूंचे. काडतुसाचे कवच ज्यापासून घडते, त्या पितळाशी या गावाचे जुने नाते आहे. प्रत्यक्ष काडतुसे भरण्याचे काम मात्र खडकी, वरणगाव अशा ठिकाणच्या कारखान्यांत होते. खडकीचा कारखाना तर 1869 पासूनचा.

आरोग्याच्या सदरात काडतुसाचे काय काम, असे वाटेल. पण बंदुकीने होणाऱ्या सगळ्याच जखमा समोरून आलेल्या गोळीच्या नसतात. काही जखमा बंदूक चालवणाऱ्यालाच होतात. नळी फुटते, मागचा भाग उडतो, डावा पंजा फाटतो, डोळा जातो. यातल्या पुष्कळ अपघातांच्या मुळाशी एकच समजूत असते: 'दारू नेहमीएवढीच घातली होती.' हे वाक्य खरे असूनही अपघात होऊ शकतो. दारूचे 'नेहमीचे माप' असे स्वतंत्रपणे काही नसतेच. ते माप एका ठरावीक गोळीसाठी, एका ठरावीक कवचासाठी आणि एका ठरावीक नळीसाठी असते. गोळी बदलली की तेच माप जास्त होऊ शकते.

आमच्या व्यवसायातले उदाहरण देतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 युनिटच्या मिळतात आणि 100 युनिटच्याही. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, एकीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चे इन्सुलिन त्याच रेघेपर्यंत भरले, तर पेशंटच्या अंगात अडीचपट औषध जाते. भरणारा शपथेवर सांगेल की रोजच्याच रेघेपर्यंत भरले होते. रेघ तीच होती, जोडी चुकली होती. काडतुसाचेही असेच आहे.

कुकर आणि शिट्टी

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी कवच, म्हणजे ज्याला आपण पुंगळी म्हणतो, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की टोपी पेटते, टोपीने दारू पेटते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला पुढे ढकलतो. रायफलीत हा सगळा खेळ साधारण एक-दीड मिलिसेकंदात आटोपतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो.

एवढ्या वेळात दाब किती चढतो? मोठ्या रायफलीच्या .308 या प्रचलित काडतुसाला युरोपीय मानकाने ठरवून दिलेली कमाल मर्यादा 4,150 बार आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजारपट. तुमचा वरचा रक्तदाब 120 असेल, तर तो वातावरणाच्या दाबाचा जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे रायफलीच्या नळीतला दाब आपल्या धमनीतल्या दाबाच्या 25 हजारांहून अधिक पट. हा दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होत असतो.

हा दाब किती चढेल ते गोळी कशी ठरवते, हे समजायला स्वयंपाकघरातला कुकर पुरे. कुकरमध्ये आच तेवढीच आणि पाणी तेवढेच, तरी शिट्टी जड बसवली तर वाफ कोंडून दाब वाढतो. शिट्टी उचलली गेली की दाब उतरतो. बंदुकीत शिट्टीचे काम गोळी करते. ती हलली की वायूला जागा मिळते. ती हलायला जेवढा वेळ घेईल तेवढा दाब चढत जातो.

पण कुकर आणि काडतूस यांत एक भयंकर फरक आहे. कुकरमध्ये दाब वाढला म्हणून गॅसची आच आपोआप मोठी होत नाही. दारूत ती होते. आजची धूरविरहित दारू जेवढ्या जास्त दाबाखाली जळते, तेवढी ती अधिक वेगाने जळते. अशी दारू 1884 मध्ये प्रथम तयार करणाऱ्या पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाब आणि जळण्याचा वेग यांचे नातेही मांडून दाखवले. दाब वाढला की जळण वेगवान, जळण वेगवान की वायू जास्त, वायू जास्त की दाब आणखी जास्त. म्हणून गोळीतला छोटा बदल दाबात छोटाच बदल करील, याची खात्री नसते. थोड्याशा फरकाने दाब एकदम सुरक्षित रेषेपलीकडे जाऊ शकतो.

गोळीत काय काय बदलते?

पहिली गोष्ट वजन. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. हलक्या गोळीसाठी ठरवलेली दारू जड गोळीमागे भरली तर दाब जास्त चढतो. एवढे बहुतेकांच्या लक्षात येते. धोका असतो तो पुढच्या गोष्टींत, कारण त्या वजनकाट्यावर दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट लांबी. दोन गोळ्यांचे वजन अगदी सारखे असले तरी एक लांब आणि एक आखूड असू शकते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असते, कारण त्याला बंदुकीच्या खान्यात बसायचे असते. मग लांब गोळीचा मागचा भाग कवचात अधिक खोल जातो आणि दारूसाठी उरलेली जागा कमी होते. दारू तेवढीच, खोली लहान, म्हणजे दाब जास्त. पिस्तुलाच्या छोट्याशा काडतुसात गोळी एखादा मिलिमीटर अधिक आत बसली तरी फरक पडतो, कारण मुळात आतली जागाच कमी असते.

तिसरी गोष्ट अंगाची घसट. रायफलीच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. गोळी त्यांत घट्ट बसून फिरत पुढे जाते, म्हणून ती सरळ जाते. गोळीचा जेवढा भाग आट्यांना घासतो, तेवढा विरोध जास्त. लांब निमुळत्या टोकाच्या गोळीचा थोडाच भाग घासतो. बोथट, पिंपासारख्या गोळीचा अधिक. काही गोळ्यांच्या अंगावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, त्या ही घसट कमी करण्यासाठी.

चौथी गोष्ट टोकाचा आकार. गोळीचा रुंद भाग नळीतल्या आट्यांपासून किती दूर आहे, यावरही सुरुवातीचा दाब ठरतो. थोडे अंतर असेल तर गोळी धाव घेऊन आट्यांत शिरते. ती आधीच आट्यांना टेकलेली असेल तर उभ्याउभ्याच जोर लावावा लागतो आणि दाब चढतो.

पाचवी गोष्ट धातू. आणि इथे हा विषय पुन्हा दवाखान्यात येतो.

शिशाकडून तांब्याकडे

गोळी म्हणजे शिसे, हे समीकरण शेकडो वर्षांचे. शिसे जड, मऊ आणि स्वस्त. पुढे वेग वाढले तेव्हा शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे जाकीट आले. शिकारीच्या गोळीचे शिसे शरीरात शिरताच बारीक तुकड्यांत पसरते. एक्स-रेवर ते पांढऱ्या ठिपक्यांच्या चांदण्यासारखे दिसते. अशा जनावराचे उरलेले मांस खाऊन अमेरिकेतली कॉन्डॉर जातीची गिधाडे शिशाच्या विषबाधेने मरू लागली. कॅलिफोर्निया राज्याने 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद केली. डेन्मार्कने शिशाचे छर्रे 1996 मध्येच बंद केले होते.

मग आली निव्वळ तांब्याची गोळी. आरोग्याच्या दृष्टीने पाऊल योग्यच. पण एक घन सेंटिमीटर शिसे 11.3 ग्रॅम भरते आणि तेवढेच तांबे 8.9 ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची करायची तर ती लांब होणार. लांब गोळी कवचात खोल बसणार, आट्यांना जास्त घासणार. शिवाय तांबे शिशासारखे सहज दबत नाही. वर सांगितलेले तीन-तीन बदल एका फटक्यात झाले. म्हणून ज्या देशांत घरी काडतुसे भरण्याची कायदेशीर परवानगी आहे, तिथे कारखान्यांनी तांब्याच्या गोळ्यांसाठी दारूच्या मापांचे वेगळे तक्ते काढले. 'वजन तेच आहे, मग जुनेच माप चालेल' हे गणित तिथे चालत नाही. ते तक्तेही दाब मोजणाऱ्या खास नळीत प्रत्यक्ष गोळ्या झाडून तयार होतात, अंदाजाने नाही.

जाकिटाशी केलेला खेळही असाच अंगाशी येतो. 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात जाकिटाचे टोक उघडे ठेवून बनवलेली गोळी कुप्रसिद्ध झाली. ती शरीरात पसरते आणि भयानक जखम करते, म्हणून 1899 च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. पण अशा गोळीचा धोका झाडणाऱ्यालाही असतो. जाकीट मागूनही उघडे आणि पुढूनही उघडे असेल, तर आतले शिसे वायूच्या जोराने निघून जाते आणि जाकिटाची नळकांडी नळीत अडकून राहू शकते. पुढची गोळी त्या अडथळ्यावर आदळते आणि नळी फाटते.

जास्त दारू धोक्याची, म्हणून कमी घातलेली बरी, असेही नाही. फार कमी दारूने गोळी अर्ध्या नळीत अडकते. आवाज हलका येतो, चालवणाऱ्याला वाटते बार फुसका गेला. दुसरा बार काढला की नळी फुटते.

आपल्याकडे घरची भरणी कुठे होते?

अमेरिकेत काडतुसे घरी भरणे हा छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आपले नेमबाजही घरी काडतुसे भरत नाहीत. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेने 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात वापरतात ते .22 चे छोटे काडतूस. त्यातला ठिणगीचा मसाला कवचाच्या काठातच असतो, म्हणून ते एकदा झाडले की संपले, पुन्हा भरता येत नाही. अशा स्पर्धांचे नेमबाज आपल्या रायफलीला काडतुसांचा कुठला लॉट जुळतो, हे झाडून पारखून घेतात. कंपनी तीच, नाव तेच, तरी लॉट बदलला की वागणूक बदलते. बंदूक आणि काडतूस यांची जोडी पारखावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मग महाराष्ट्रात हाताने भरणी होते कुठे? ती होते ठासणीच्या बंदुकीत. रानडुकरे आणि वानरे यांनी पिकाची नासाडी करणे, हे बदलापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यापासून खाली सिंधुदुर्गापर्यंतच्या शेतकऱ्याचे जुने दुखणे. शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परवान्याच्या अशा बंदुका कोकणात पुष्कळ घरांत आहेत, काही तर आजोबा-पणजोबांच्या वेळच्या. (बंदुकीचा परवाना म्हणजे रानटी जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वन खात्याची परवानगी वेगळी लागते.)

या बंदुकीला तयार काडतूस नसते. प्रत्येक बार हा घरचाच. तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. म्हणजे वर सांगितलेले सगळे नियम इथे शेतकऱ्याच्या हातात असतात, आणि बहुधा त्याला ते कुणी सांगितलेले नसतात. छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी घातली की माप बदलले. मुठीच्या अंदाजाने छर्रे जास्त पडले की माप बदलले.

या बंदुकीचे अपघात मुख्यतः पाच कारणांनी होतात. एक, गोळी दारूपर्यंत न पोहोचता मध्येच अडकून राहते. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली की नळी त्या जागी फुगते वा फुटते. दोन, बंदूक आधीच भरलेली आहे हे विसरून दुसऱ्यांदा भरली जाते. तीन, नुकत्याच झाडलेल्या नळीत चिंधीचा निखारा शिल्लक असतो आणि त्यावर दारू ओतली जाते. गज हातात असतानाच बार उडतो. चार, पावसाळ्यात पडून राहिलेल्या नळीला आतून गंज चढलेला असतो. आणि पाच, सगळ्यांत घातक, काळ्या दारूच्या जागी काडतुसातली धूरविरहित दारू वापरली जाते. ठासणीची नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नाही. इथे 'थोडी कमी घालू' हा उपाय नाही. ती दारू या बंदुकीत घालायचीच नाही.

हीच गोष्ट गावठी कट्ट्यांची. पाण्याच्या नाहीतर स्टेअरिंगच्या पाइपची नळी, आणि तिच्यात कारखान्याचे काडतूस. काडतूस चार हजार बारचे असेल तर पाइपाने ते का सोसावे? कायदा बाजूला ठेवला तरी, असा कट्टा हातात धरणारा माणूस समोरच्याइतकाच धोक्यात असतो.

घरी शिसे वितळवून छर्रे किंवा जाळ्याची वजने ओतणाऱ्यांनाही सांगायला हवे. शिशाची वाफ आणि धूळ पोरांच्या मेंदूला अपाय करते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वयंपाकाचे भांडे यासाठी कधीच वापरू नये, घरात हे काम करू नये, आणि मुले व गरोदर बाई जवळ असू नये.

अपघात झालाच तर

पहिल्या तासात काय केले यावर हात आणि डोळा वाचणे अवलंबून असते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. कापड भिजले तर काढू नका, त्यावरच दुसरे ठेवा. रुतलेला तुकडा उपसू नका. हळद, चुना, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका.

बोट तुटले असेल तर ते शोधा. स्वच्छ पाण्याने हलके धुऊन, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून मरतात. असे बोट पुन्हा जोडण्याची सोय मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या प्लास्टिक सर्जरी विभागांत असते. सहा तासांच्या आत पोहोचलेले चांगले. जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्त थांबवून लगेच पुढे जा. 108 ची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

डोळ्याला मार असेल तर चोळू नका, दाबू नका, थेंब घालू नका. कागदी कप किंवा वाटी डोळ्यावर उपडी ठेवून चिकटपट्टी लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. फक्त भाजले असेल तर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. दारूने झालेली जखम बाहेरून लहान दिसली तरी आत काजळी, कापड आणि धातूचे कण खोल गेलेले असतात. ती घरी बांधून ठेवली तर सडते. कानात दडे बसले, घूं घूं आवाज येत राहिला, तर कानही त्याच दिवशी दाखवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. अशा जखमा उशिरा येतात, कारण लोक पोलिसांना घाबरतात. 'लाकूड फोडताना लागले', 'फटाका फुटला' असे सांगितले जाते. दोन दिवस गावातच मलमपट्टी होते. तोवर बोट काळे पडलेले असते. बंदुकीची जखम ही मेडिकोलीगल केस असते आणि रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते, हे खरे आहे. पण परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट सांगितले आहे की, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, पोलीस आले नाहीत म्हणून तो उपचार थांबवू शकत नाही. जखमी गुन्हेगार आहे की नाही, हे ठरवणे आमचे काम नाही.

आम्हाला मात्र खरे कळावे लागते. कुठली बंदूक होती, काळी दारू होती की दुसरी, शिशाचे छर्रे होते की लोखंडाचे, बार बंद जागेत उडाला की उघड्यावर. शरीरात लोखंड असेल तर एमआरआय काढता येत नाही. शिसे सांध्यात राहिले तर ते हळूहळू रक्तात उतरते आणि ते काढावे लागू शकते. जखमेचा नेमका इतिहास हा उपचाराचाच भाग आहे.

परवान्याची ठासणीची बंदूक घरात असेल तर पावसाळ्यानंतर ती परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. भरलेली बंदूक भिंतीला टांगून ठेवू नका. दारूचे माप, गोळीचे वजन, चिंधीची जाडी यांतली एकही गोष्ट स्वतःच्या मनाने बदलू नका. आणि रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरून देतो, असे कुणी म्हणाले तर त्याला नाही म्हणा.